वर्गातला 'इक्वल अर्थ' नकाशा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वर्गाच्या मागच्या भिंतीवर इक्वल अर्थ प्रक्षेपणावरचा जगाचा नकाशा लावून आठ महिने झाले. (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत.) आठवी आणि नववी दोघांचेही भूगोलाचे तास याच खोलीत होतात, त्यामुळे नकाशाला विश्रांती अशी मिळालीच नाही. त्यावर टिंबं चिकटली, दोरे ताणले गेले, खालचा एक कोपरा फाटला, तो चिकटपट्टीने जोडला आणि पुन्हा फाटला. 'घ्यावा का?' एवढंच ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते: जरूर घ्या, पण जुना, मर्केटर प्रक्षेपणावरचा नकाशा भिंतीवरून उतरवू नका.

आधी वस्तूबद्दल. हे प्रक्षेपण २०१८ साली बोयान शाव्रिच, टॉम पॅटरसन आणि बर्नहार्ड जेनी या तिघांनी तयार केलं. समक्षेत्र आहे, म्हणजे नकाशावरच्या कुठल्याही दोन प्रदेशांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर जमिनीवर आहे तेवढंच येतं. भिंतीवर लावायचा नकाशा फुकट उतरवून घेता येतो आणि मध्यभागी कोणता भाग हवा त्यानुसार त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात. मी आफ्रिका-युरोप मध्यभागी असलेली घेतली आणि दीड मीटर रुंदीची छापून घेतली. लॅमिनेशन चकचकीत करून घेतलं, ही पहिली चूक. दुपारच्या तासाला खिडकीतून उजेड आला की अख्खी उत्तर अमेरिका दिसेनाशी होते. मॅट सांगा.

या आकारात नकाशावरचा एक सेंटिमीटर साधारण २३० किलोमीटरचा येतो आणि एक चौरस सेंटिमीटर सुमारे ५३ हजार चौरस किलोमीटरचा. हा दुसरा आकडा मी नकाशाच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

पहिल्या आठवड्यात मुलांना ट्रेसिंग पेपर दिले आणि मादागास्कर व ग्रेट ब्रिटन ही दोन बेटं आधी मर्केटरवरून, मग नव्या नकाशावरून उतरवायला सांगितली. खाली आलेख-कागद धरून चौकटी मोजायच्या. मर्केटरवर दोन्ही बेटं जवळपास सारखीच भरली. नव्या नकाशावर मादागास्कर ११ चौकटी, ब्रिटन जेमतेम ४. प्रत्यक्षातलं क्षेत्रफळ मादागास्करचं सुमारे ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर आणि ग्रेट ब्रिटन बेटाचं २ लाख ९ हजार. 'बाई, मग जुना नकाशा चुकीचा छापलाय का?' हा प्रश्न पहिल्याच तासाला आला.

इथे घाई करू नका, असं माझं मत आहे. 'हो, चुकीचा आहे, तो बनवणाऱ्यांना युरोप मोठा दाखवायचा होता' असं सांगून मोकळं होण्याचा मोह होतो. पण मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली तो नकाशा खलाशांसाठी केला. त्यावर काढलेली सरळ रेषा म्हणजे होकायंत्रावरची एकच दिशा, आणि जहाज हाकायला तीच लागते. त्यासाठी त्याने क्षेत्रफळाचा बळी दिला. ६० अंश अक्षवृत्तावर प्रदेश चौपट फुगतो आणि ध्रुवाकडे जावं तसा त्याहून जास्त. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, जेव्हा आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. नकाशात खोट नव्हती. खलाशाचं हत्यार आपण वर्गात टांगलं, खोट तिथे झाली. बॉस्टनच्या सरकारी शाळांनी २०१७ साली पीटर्सचा नकाशा (तोही समक्षेत्रच) आणला आणि २०२५ साली आफ्रिकन युनियनने मर्केटरऐवजी इक्वल अर्थ वापरा म्हणणाऱ्या मोहिमेला पाठिंबा दिला, हे नववीला सांगितलं. दोन नकाशे शेजारी टांगलेले असले की भूगोल आणि राजकारण यांची सांगड वेगळी समजावावी लागत नाही. पीटर्सचाही पर्याय होता, पण त्यात आफ्रिका वाळत घातलेल्या कपड्यासारखी लांबते. मुलांना बघायला नको वाटतं, मलाही.

पण क्षेत्रफळ बरोबर असणं हा मानवी भूगोलाचा अर्धाच धडा. माणसं कुठे आहेत?

यासाठी पुस्तकातली टिंब पद्धत भिंतीवर आणली. आठ मिलिमीटरचे गोल लाल स्टिकर, एक टिंब म्हणजे २ कोटी माणसं. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटींवर गेली, म्हणजे टिंबं चारशेच्या वर लागतात. आकडे मुलांनी काढले, भागाकार मुलांनी केले, टिंबं मुलांनी लावली. दोन तास ठरवले होते, पाच लागले. ते पाच तास या वर्षातले सगळ्यात चांगले.

इजिप्तचं उदाहरण सांगते. वाट्याला सहा टिंबं. एका मुलीने ती फाशावरच्या सहासारखी लावली, तीन-तीनच्या दोन ओळी, देशभर नीट समान अंतरावर. दिसायला सुरेख. मग तिच्या हातात पृथ्वीच्या रात्रीच्या दिव्यांचं उपग्रहचित्र दिलं. त्यात नाईल नदी काळ्याशार वाळवंटात उजळलेल्या देठासारखी दिसते आणि वर त्रिभुज प्रदेशाचं फूल. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. नंतर नखाने एकेक टिंब सोडवलं आणि सहाही नदीवर आणि त्रिभुज प्रदेशात एकमेकांवर चढवून लावली. 'बसत नाहीत,' म्हणाली. बसणार कशी? आमचं टिंब नकाशावर सुमारे १८५ किलोमीटर रुंद आणि नाईलची दरी बऱ्याच ठिकाणी दहा-वीस किलोमीटरची. देशातली सुमारे ९५ टक्के माणसं पाच टक्क्यांच्या आसपास जमिनीवर राहतात, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. या वर्षी लिहायची गरज पडली नाही.

बांगलादेशची आठ टिंबं देशाच्या हद्दीत मावेनात, काही बंगालच्या उपसागरात उतरली. रशियाच्या वाट्याला सात आली आणि त्यातली बहुतेक उरल पर्वताच्या पश्चिमेला. रशिया बांगलादेशच्या शंभराहून अधिक पट मोठा. कॅनडाला दोन टिंबं, दोन्ही दक्षिण सीमेला चिकटून. ऑस्ट्रेलियाला एक, आणि ते कुठे लावायचं यावर दहा मिनिटं वाद. आठवीतल्या पोरांनी लोकसंख्येच्या घनतेवर दहा मिनिटं भांडावं, शिक्षकाला आणखी काय हवं?

एक सूचना. स्टिकर कागदी घेऊ नका, काढताना पांढरा थर मागे राहतो आणि तो खरवडताना लॅमिनेशनला चरे पडतात. इंडोनेशियाच्या जावा बेटावर आता असा चरा आहे.

स्थलांतराच्या धड्याला टाचण्या आणि दोरे वापरले. आधी वर्गाला विचारलं, निर्वासित कुठे जातात? जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच, दूरच्या श्रीमंत देशांत. बातम्यांत तेच दिसतं, त्यांचाही दोष नाही. मग संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचे आकडे दिले. साधारण दोन तृतीयांश निर्वासित शेजारच्याच देशात थांबतात आणि सत्तर टक्क्यांहून जास्त निर्वासितांना आसरा कमी आणि मध्यम उत्पन्नाचे देश देतात. दोरे बांधायला घेतल्यावर बहुतेक दोरे बोटाच्या पेरापेक्षा लांब होईनात. सीरिया ते लेबनॉन तर दोन टाचण्या इतक्या जवळ आल्या की गाठ मारायलाच जागा नव्हती. एवढासा दोरा बघून मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, 'मग यांच्या बातम्या का नसतात?' हा प्रश्न माझ्या विषयाचा की नागरिकशास्त्राचा, माहीत नाही. तास संपेपर्यंत त्यावरच बोलत राहिलो.

दोऱ्यांनीच नकाशाची पहिली मोठी मर्यादा दाखवली. न्यूयॉर्क ते टोकियो दोरा लावायला सांगितला तर मुलांनी तो अटलांटिक, युरोप आणि आख्खा आशिया ओलांडून नेला. नकाशा प्रशांत महासागरात कापलेला, त्यांनी तरी काय करावं. खरा सर्वांत कमी अंतराचा मार्ग अलास्कावरून जातो. समक्षेत्र नकाशा क्षेत्रफळाचा शब्द पाळतो, अंतराचा नाही. दोरा ताणून अंतर मोजायचं असेल तर पृथ्वीगोलच हवा. आमचा गोल कपाटावर धूळ खात होता, तो या निमित्ताने खाली आला. कडेच्या प्रदेशांचे आकारही कलतात, अलास्का आणि न्यूझीलंड घसरून पडतील की काय असे दिसतात.

आणि मग किरिबाटी.

हवामानबदलाच्या धड्यात समुद्रपातळी वाढल्यावर कोणाचं काय होईल ते दाखवायचं होतं. किरिबाटी हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश, जमीन सगळी मिळून सुमारे ८११ चौरस किलोमीटर, बहुतेक ठिकाणी समुद्रापासून दोन-तीन मीटर उंच. मुलं शोधायला गेली आणि देश दोन तुकड्यांत सापडला. काही बेटं नकाशाच्या उजव्या कडेला, काही डाव्या. मधे दीड मीटर. १८० अंश रेखावृत्त या देशातून जातं. सगळ्या बेटांवर एकच वार असावा म्हणून त्यांनी १९९५ पासून, जी ओलांडली की वार बदलतो त्या वाररेषेलाच वळसा घालायला लावला. आमच्या नकाशाने मात्र देश कापून टाकला.

त्यावर पुढचा प्रश्न आला, 'बाई, यांचं टिंब कुठंय?' लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. आमचं टिंब दोन कोटींचं. नाही बसत, म्हटलं. 'म्हणजे बुडणार ते, आणि त्यांना टिंबपण नाही?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रमाण ठरवताना कोण गाळलं जातं, हे मी इतकी वर्षं शिकवताना एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच निळ्या पेनाने दोन ठिपके काढले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि सूचीत लिहिलं: 'निळा ठिपका = टिंबापेक्षा कमी माणसं'. या देशाने २०१४ साली फिजीमध्ये सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली, हे सांगितल्यावर एकीने फिजीवरही निळा ठिपका मागितला. दिला.

कार्बन उत्सर्जनासाठी क्षेत्रघनी पद्धत वापरली, म्हणजे आकडा जितका मोठा तितका देशाचा रंग गडद. तीन पारदर्शक प्लॅस्टिक शीटवर तीन रंगकामं: वर्षाचं एकूण उत्सर्जन, औद्योगिक क्रांतीपासूनची एकूण बेरीज आणि दरडोई. एकेक शीट नकाशावर चढवायची. पहिलीत चीन सगळ्यात गडद, एकूण उत्सर्जनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास. दुसरीत अमेरिका गडद, आजवरच्या बेरजेतला सुमारे पाव हिस्सा तिचा. तिसरीत कतार. पण कतार आमच्या नकाशावर अर्धा सेंटिमीटरही धड रुंद नाही, त्यामुळे सगळ्यात गडद रंग कोणाला दिसलाच नाही. वर्गाचे तीन गट पाडले, प्रत्येकाला एक शीट दिली आणि जबाबदारी कोणाची यावर बोलायला लावलं. प्रत्येक गटाकडे खरे आकडे होते आणि तिन्ही गट वेगळं बोलत होते. क्षेत्रघनी पद्धतीत मोठा देश उगाच जास्त बोलतो, हे कतारमुळे कळलं ते वेगळंच. शीट मात्र घसरतात, वर दोन क्लिपा लागतात.

लोकसंख्या मनोरे, शहरीकरण आणि शेतीचे प्रकार यांना नकाशाचा फारसा उपयोग झाला नाही. तिथे आलेख-कागदच बरा. व्यापाराचे मार्ग दाखवायला गेले तर मर्केटरच सोयीचा पडला, म्हणूनच तो उतरवू नका म्हणते.

आठवीला हा नकाशा जास्त मानवला. नववीच्या मुलांना परीक्षेत रेघी नकाशा (फक्त सीमारेषांचा, नावं नसलेला) वेगळ्या प्रक्षेपणावरचा येतो आणि दोघा-तिघांनी सहामाहीत देशाची जागा ओळखण्यात चुका केल्या. सवयीचा आकार बदलला की असं होतं. परीक्षेच्या महिनाभर आधी रेघी नकाशे शेजारी ठेवून सराव घ्यावा लागला. निवडीआधी याचा विचार करा, पालक विचारतात.

आता दुसरी प्रत छापायला दिली आहे. या वेळी मॅट, कोपऱ्यांना धातूच्या कड्या आणि मध्यभागी प्रशांत महासागर, म्हणजे किरिबाटी एका जागी येईल. वर्गात ही बातमी सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. मग एकाने पृथ्वीगोल फिरवून बघितला आणि सांगितलं की कात्री आता अटलांटिकमध्ये लागणार आणि ग्रीनलंडचे दोन तुकडे होणार. तिथल्यांसाठी निळा ठिपका कुठल्या तुकड्यावर काढायचा, यावर सध्या मतदान चालू आहे.