नौपाड्यातलं जुन्या डिस्कचं दुकान : जीन ऑट्रीचा खण

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, जिन्याखाली मावेल एवढंच दुकान. जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी. वरच्या खणात जुन्या अमेरिकन सिनेमांतला गाणारा काउबॉय जीन ऑट्री, तोही भरपूर. त्यातलं निम्मं मात्र घेण्यासारखं नाही.

कव्हरवर आधी मिनिटं वाचा. ऑट्रीचे रिपब्लिक कंपनीचे बरेच सिनेमे पुढे टीव्हीसाठी कापून सुमारे ५३ मिनिटांचे केले गेले. जाहिराती धरून तासात बसायला हवे होते. अशा वेळी कात्री हमखास गाण्यावर येते, कारण गाणं गेलं तरी गोष्ट अडत नाही. मग राहतो घोडा आणि ठो-ठो. हा माणूस रेल्वेतला तारमास्तर, रेडिओ आणि रेकॉर्डवरून सिनेमात आलेला, अभिनय बेताचाच. गाणी काढली तर पाहायचं काय? ऑट्रीच्या स्वतःच्या संग्रहातून दुरुस्त केल्याचा उल्लेख असलेली प्रत मिळाली तर जास्तीचे पैसे मोजा.

'द फँटम एम्पायर' (१९३५) ही १२ भागांची मालिका, चार तासांच्या आसपास. जमिनीखालचं शहर, पत्र्याचे यंत्रमानव, आणि हिरोची अडचण काय, तर रोज रेडिओवर गायला वेळेत वर पोचायचं, नाहीतर करार रद्द! 'रेडिओ रँच' हा तिलाच कापून केलेला सिनेमा. दुकानात दोन्ही वेगळे म्हणून शेजारी-शेजारी लावलेत. मालिकाच घ्या.

कव्हरवर १९४४ साल दिसलं तर थांबा. १९४२ मध्ये ऑट्रीने रेडिओवरच्या आपल्याच कार्यक्रमात सैन्याची शपथ घेतली आणि पुढे हिमालयावरून माल नेणारी विमानं चालवली. १९४३ ते ४५ त्याचा नवा सिनेमा नाहीच. कंपनीने तेवढ्यात रॉय रॉजर्स या दुसऱ्या गाणाऱ्या काउबॉयला पुढे आणलं. म्हणजे साल चुकलंय, नाहीतर आत रॉजर्स आहे.

रंगीत दोनच: 'द स्ट्रॉबेरी रोन' (१९४८) आणि 'द बिग सोम्ब्रेरो' (१९४९). दोन्ही सिनेकलरमधले. ही दोन रंगांवर चालणारी पद्धत, त्यामुळे हिरवळ मळकट दिसणारच. टीव्हीची सेटिंग पिळत बसू नका.

डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली धरा. जांभळट झाक असेल तर ती घरगुती कॉपी. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा बहुधा चालून जातो. गोल फिरणारा ओरखडा चित्र अडकवतो. पावसाळ्यात इथला माल कागदी पाकिटात राहतो, बुरशी धरते. पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ कापडाने मध्यातून बाहेर पुसा, गोल-गोल नाही.

डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते तिच्या रीजनच्या आकड्यावर ठरतं. अमेरिकन डिस्क रीजन १ च्या असतात, आपला रीजन ५. लॅपटॉपच्या ड्राइव्हला रीजन पाचदाच बदलता येतो, तेव्हा घरचा प्लेयर सगळे रीजन घेतो का ते आधी बघा. दुकानातला प्लेयर सगळं चालवतो, त्यामुळे तिथे लागली म्हणून घरी लागेलच असं नाही. आणि पाकीट फोडल्यावर ते परत घेत नाहीत.