ईसीटी की आरटीएमएस?

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, नीट ६-८ आठवडे घेऊनही नैराश्य हटत नसेल, तर मुंबईत बहुतेकदा ही दोन नावं कानावर पडतात: ईसीटी, म्हणजे मेंदूला थोडा वेळ विजेचा प्रवाह देणं, आणि आरटीएमएस, म्हणजे चुंबकीय लहरींनी मेंदूला चालना देणं.

ईसीटी म्हटलं की घरचे हादरतात, ‘शॉक देणार?’ सिनेमांनी ही भीती मनात घातली आहे. प्रत्यक्षात भूल देतात, स्नायू शिथिल करतात. मेंदूत काही सेकंद फिटचा झटका येतो, बाहेरून जेमतेम पायाची बोटं थरथरताना दिसतात. भुलीशिवाय ईसीटी द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच आहे. आठवड्यातून २-३ वेळा, साधारण ६ ते १२ सेशन्स. पेशंटने अन्नपाणी सोडलं असेल, जीव द्यायचे विचार थांबत नसतील, तर माझं मत स्पष्ट आहे: ईसीटीच. ती लवकर गुण देते. त्रास होतो तो स्मरणशक्तीला. त्या काळातल्या आठवणी पुसट होतात. बऱ्याच परततात, काही कायमच्या जातात. हे घरच्यांना आधी सांगायलाच हवं.

आरटीएमएसला भूल नाही. खुर्चीत जागं बसायचं, डोक्याच्या डाव्या बाजूला कॉइल, टकटक आवाज, टिचक्या मारल्यासारखं वाटतं. उठून थेट ऑफिस गाठता येतं. पण आठवड्याचे ५ दिवस, ४-६ आठवडे! बदलापूरहून दादरला रोज गर्दीच्या लोकलने येणं, अंथरुणातून उठणंही जड जाणाऱ्या माणसाला झेपेल का? कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल तर हा मार्ग बंदच.

पूर्ण कोर्सचा खर्च आणि विमा कंपनीचं उत्तर, दोन्ही सुरुवातीलाच लेखी घ्या.