द्विशिक्षकी शाळेसाठी कोणते साधन घ्यावे: वही, एक्सेल, गुगल शीट, टीव्ही आणि प्रोजेक्टर यांचा तुलनात्मक आढावा

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात आणि उघडल्याबरोबर पटनोंदणी, पाठ्यपुस्तकांचे वाटप, यू-डायस या शासनाच्या शाळा-नोंदणीत भरायची माहिती आणि पोषण आहाराचा साठा ही सारी कामे एकदमच अंगावर येतात. शाळेत दोनच शिक्षक असले आणि त्यांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार असला, की या कामांतून वाचेल तेवढाच वेळ शिकवण्याच्या वाट्याला येतो. यवतमाळ जिल्ह्यातील अशाच एका शाळेत पहिली ते चौथीला शिकवताना जी साधने मी वापरली, ती समोरासमोर ठेवून हा आढावा लिहीत आहे. प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारते: एकदा लिहिलेली माहिती पुन्हा लिहिण्याचे काम यामुळे टळते का? ज्या साधनाने ते टळत नाही, ते कितीही देखणे असले तरी शिक्षकाच्या कामात भरच घालते.

सुरुवात पोषण आहाराच्या नोंदीपासून करते, कारण फरक तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो. पहिली ते पाचवीसाठी दररोज प्रतिविद्यार्थी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. आमच्याकडे ३७ मुले हजर असली, तर ३ किलो ७०० ग्रॅम तांदूळ खर्ची पडतो आणि तेवढा साठ्यातून वजा होतो. वहीत हा हिशेब रोज दोन मिनिटांत होतो. पण ४ तारखेला वजाबाकी चुकली, तर ३० तारखेपर्यंतची प्रत्येक शिल्लक चुकते आणि महिनाअखेरीस पूर्ण पान खोडून पुन्हा लिहावे लागते. एक्सेलमध्ये आरंभीची शिल्लक आणि रोजची उपस्थिती एवढ्या दोनच गोष्टी हाताने भरायच्या असतात. एका चौकटीतील आकडा दुरुस्त केला की त्याखालचे सगळे आकडे आपोआप सुधारतात. मात्र सूत्रच चुकीचे लिहिले असेल, तर चूकही तितक्याच इमानाने शेवटपर्यंत उतरते, म्हणून पहिला एक महिना वही आणि एक्सेल दोन्ही ठेवून ताळा घ्यावा.

निकालपत्रकाची गोष्ट अशीच आहे. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात पहिली-दुसरीसाठी आकारिक (वर्गातील रोजच्या कामावरचे) ७० आणि संकलित (सत्राअखेरच्या चाचणीचे) ३०, तर तिसरी-चौथीसाठी आकारिक ६० आणि संकलित ४० असे गुण धरले जातात आणि बेरजेवरून श्रेणी ठरते. चार वर्गांचे सगळे विषय हाताने बेरीज करून ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० ला अ-२ असे लिहीत बसण्यात माझ्या दोन-तीन संध्याकाळी जात असत. श्रेणीचे सूत्र एकदा बसवल्यावर तेच काम गुण भरण्यापुरते उरले.

आता एक्सेल की गुगल शीट, हा प्रश्न. एक्सेलची फाईल शाळेच्या लॅपटॉपवर राहते, तिला नेटवर्क लागत नाही, मोठा तक्ता पडद्यावर नीट दिसतो आणि छपाई सोपी असते. पण लॅपटॉप कपाटात असतो, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि मुख्याध्यापक पंचायत समितीच्या सभेला गेलेले असतात. नेमक्या त्याच दुपारी केंद्रप्रमुखांकडून माहितीची मागणी येते. गुगल शीट दोघांच्याही फोनवर उघडते, एकाने भरलेली नोंद दुसऱ्याला लगेच दिसते आणि सभेत बसूनही पटसंख्या सांगता येते. तिची अडचण नेटवर्कची आहे. ऑफलाइन वापराची सोय तिच्यात आहे. परंतु ती नेटवर्क असताना आधीच सुरू करून ठेवावी लागते आणि दोघांनी ऑफलाइन असताना एकाच चौकटीत वेगवेगळे आकडे भरले, तर नंतर गोंधळ होतो. माझा निर्णय असा: जेथे दिवसातून एकदा तरी नेटवर्क मिळते, तेथे गुगल शीट घ्यावी आणि महिनाअखेरीस तिची छापील प्रत सहीसह फाईलला लावावी. धारणी-चिखलदऱ्याच्या किंवा भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावांत, जेथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, तेथे लॅपटॉपवरील एक्सेल आणि आठवड्याला पेन ड्राइव्हवर एक प्रत हेच खात्रीचे आहे. हजेरी पत्रक आणि मुलांच्या प्रवेशाची व शाळा सोडल्याची नोंद ठेवणारे दाखल-खारीज रजिस्टर मात्र दोन्ही ठिकाणी कागदावरच राहते, ते सुटेल अशा आशेने काही खरेदी करू नये.

यू-डायस प्लस (देशपातळीवरील शाळा व विद्यार्थी नोंद), सरल (राज्याची विद्यार्थी नोंद), शालार्थ (शिक्षकांचे वेतन) या शासकीय पोर्टलांत आपल्याला निवड नाही, तेव्हा तुलना करण्यात अर्थ नाही. तेथे उपयोगी पडते ती एक मूळ यादी: दाखल क्रमांक, आधारवर आहे तसेच नाव, जन्मतारीख, आईचे नाव, यू-डायसवर मिळणारा कायम शिक्षण क्रमांक, बँक खाते. ही यादी युनिकोड मराठीतच करावी. एका सहकाऱ्याने जुन्या कृतिदेव फाँटमध्ये केलेली यादी मला मिळाली होती. माझ्या फोनवर ती उघडली, तेव्हा नावांच्या जागी नुसती निरर्थक अक्षरे होती आणि ३७ नावे मला पुन्हा टंकावी लागली. ही यादी व्हॉट्सॲपच्या गटावर कधीही टाकू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीला विशेष जपणूक दिली आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराचे आधार कार्ड शंभर फोनांत फिरवणे योग्य झाले नसते.

प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदींसाठी मी टंकलेखन, जुन्या नोंदींची नक्कल आणि बोलून लिहिणे असे तिन्ही मार्ग वापरले आहेत. नक्कल सर्वांत जलद होते आणि सर्वांत निरुपयोगी ठरते, कारण सगळीच मुले ‘आत्मविश्वासाने वाचन करतात’. बोलून लिहिण्याची सोय गुगलच्या कळफलकावर २०१७ पासून मराठीत आहे. शाळा सुटल्यावर मुलाची वही समोर उघडी ठेवून मी फोनला सांगते, ‘जोडाक्षरावर थांबते, पण चित्र पाहून गोष्ट पूर्ण सांगते’, आणि ओळ उमटते. विरामचिन्हे नंतर हाताने टाकावी लागतात. आपल्या वऱ्हाडी बोलण्याची एक गंमत अशी की मुलाबद्दल बोलतानाही तोंडी ‘तो वाचते’ येते आणि फोन ते जसेच्या तसे लिहितो. म्हणून वाचून दुरुस्त करण्याची सवय ठेवावी. तरीही टंकण्याच्या निम्म्याहून कमी वेळात काम होते आणि नोंद त्याच मुलाची राहते.

लोकवर्गणीतून काही मोठे घ्यायचे ठरले, की टीव्ही की प्रोजेक्टर यावर गावात दोन तट पडतात. प्रोजेक्टरचे चित्र मोठे असते आणि तो पालकसभेसाठी समाजमंदिरात नेता येतो. परंतु त्याला अंधार लागतो. आमच्या वर्गाचे दार पूर्वेला आहे. सकाळच्या शाळेत भिंतीवर उन्हाचा पट्टा पडतो, दार-खिडक्या लावल्या तर मार्चनंतर मुले घामाघूम होतात आणि पंखा लावला तर विजेचा भार वाढतो. शिवाय कापसाच्या हंगामात धूळ आणि तंतू जाळीत अडकून यंत्र तापते. टीव्हीला अंधाराची गरज नाही. भारनियमनाचा हिशेबही पाहावा: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून कागदावर १,८०० वॅट-तास मिळतात, व्यवहारात निम्मे, म्हणजे ९०० धरावेत. ८० वॅटचा टीव्ही आणि ७५ वॅटचे दोन पंखे असा २३० वॅटचा भार त्यावर जवळपास चार तास चालतो. २५० वॅटचा प्रोजेक्टर आणि तेच दोन पंखे सव्वादोन तासांत बॅटरी संपवतात. वर्ग खोल असेल आणि पट साठच्या पुढे असेल, तरच मी प्रोजेक्टरचा विचार करेन. वीस-चाळीस मुलांसाठी टीव्हीच घ्यावा, आणि तो घेताना पेन ड्राइव्हवरील चित्रफीत चालते का, हे दुकानातच आपला पेन ड्राइव्ह लावून पाहावे.

त्यावर दाखवायचे काय, याचे उत्तर पाठ्यपुस्तकातच आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा ॲपमधून पाठाचा क्यूआर कोड स्कॅन करून साहित्य आधी उतरवून ठेवता येते आणि वर्गात नेटवर्क नसले तरी ते चालते. मात्र कोरकू, गोंडी किंवा कोलामी बोलत घरून आलेल्या पहिलीच्या मुलाला प्रमाण मराठीतील चित्रफीत सलग दाखवून उपयोग होत नाही. तेथे आवाज बंद करून, चित्र थांबवून, मुलांच्या शब्दांत सांगणारा शिक्षक किंवा अंगणवाडीताई अधिक कामाची.

पालकांसाठी व्हॉट्सॲप गट की फोन, यात दोन्हींची कामे वेगळी आहेत. स्मार्टफोन बहुधा वडिलांकडे असतो, ते शेतात असतात आणि निरोप रात्री वाचला जातो. त्यामुळे उद्याची सूचना गटावर द्यावी आणि आज न आलेल्या मुलासाठी आईला थेट फोन करावा. कापूस वेचणीच्या दिवसांत तर फोनला पर्याय नाही. गटावरही लिखित सूचनेपेक्षा बोललेला निरोप जास्त पोहोचतो. ‘उद्या शाळेत डॉक्टर येऊन राह्यले, पोराईले नक्की पाठवजा’ हे ऐकून जितकी मुले आली, तितकी सूचनापत्राने कधी आली नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून सरावाच्या गणितांचा कच्चा मसुदा काही मिनिटांत मिळतो, पण प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहावे आणि मुलांची नावे त्यात कधीही घालू नयेत.

आणखी एक बाब खरेदीच्या आधी ठरवावी. गुगल शीट शिक्षकाच्या खासगी खात्यावर केली, तर बदलीच्या आदेशाबरोबर शाळेची सर्व माहितीही गाव सोडून जाते. माझ्या आधीच्या शिक्षकांची बदली झाल्यावर तीन वर्षांच्या नोंदी मला वहीतून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. म्हणून शाळेच्या नावाने स्वतंत्र खाते उघडावे, त्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात घालून, तारीख व दोघांच्या सह्यांसह, दाखल-खारीज रजिस्टरच्या शेजारी कपाटात ठेवावा.