मिशिगनचा सीझन: स्टेडियमात की सोफ्यावर?

भाचा अमेरिकेत ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात शिकायला गेलाय. विचारतो, "मामा, विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलचं सीझन तिकीट काढू की टीव्हीवरच बघू?"

पैसा: विद्यार्थ्यांना तिकीट सवलतीत मिळतं, पण १२ पैकी घरचे सामने सात-आठच. कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटशी लढत ॲन आर्बरला फक्त विषम वर्षी.

खेळ कळणं: इथे टीव्ही सरस. फर्स्ट डाउनची (चेंडू पुढे कुठवर न्यायचा ते दाखवणारी) पिवळी रेघ मैदानात नसतेच, ती टीव्हीची करामत! जाहिराती लागल्या की मैदानात खेळाडू नुसते ताटकळतात, आणि नोव्हेंबरात बाकड्याची थंडी पँटमधून हाडात शिरते.

पण १,०७,६०१ क्षमतेच्या त्या वाडग्यासारख्या स्टेडियमात बँड घुमतो, ते सोफ्यावर नाही.

नियम शिकायचे असतील तर पहिलं वर्ष टीव्ही. कंपू जमला असेल, घसा बसेस्तोवर ओरडायचं असेल, तर सवलत आहे तोवर तिकीट काढ.