तोटीचं स्टीलचं पिंप, २० लिटर : आठ महिने वापरल्यावर

आमच्या यजमानांच्या पोटात वर्षभर आग पडायची. घरात सगळे ठेच्याला बोल लावत. शेवटी यवतमाळला दुर्बिणीची तपासणी केली, तर जठरात जखम निघाली आणि सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. डॉक्टरांनी तिखटाचं फार विचारलं नाही. घरात माणसं किती, खोल्या किती, पाणी कुठलं, हेच विचारलं. आम्ही दोन खोल्यांत सात जण, पाणी विहिरीचं. दाटीचं घर, खराब पाणी, घरात आधीच कोणाला लागण असणं, यातून हा जंतू बहुतेक लहानपणीच पोटात शिरतो म्हणाले. दहावीतल्या पोरीनं वाचून सांगितलं, मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये पोटाचं हे दुखणं या जंतूनं होतं हे दाखवायला ते जंतू स्वतः पिऊन पाहिले होते, पुढे २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आमच्याकडे गुंडात गडवा बुडवून पाणी घ्यायची रीत. शेणामातीचा हात, पोराचा हात, बोटं पार पाण्यात. एक दिवस ते नीट पाहिलं आणि दारव्ह्याच्या बाजारातून हे पिंप आणलं, १,८५० रुपयांना.

पत्रा जाड आहे. तोंड रुंद, त्यामुळं आत हात घालून तळापर्यंत घासता येतं, हे मला सगळ्यात आवडलं. झाकण घट्ट बसतं. पण तोटी फार खाली, तांब्या खाली मावत नाही, म्हणून स्टुलावर ठेवावं लागतं. प्लास्टिकची तोटी दोन महिन्यांतच गळायला लागली. वायसर बदलला, तरी गळे. मग स्टीलची तोटी बसवली, तेव्हापासून थेंब नाही. दुकानदारानं आधीच तशी द्यायला हवी होती. आणि हे पिंप पाणी शुद्ध करत नाही, हे घेणाऱ्यानं समजून घ्यावं. मी चुलीवर खळखळ उकळून, निववून मगच भरते.

यजमानांनी १४ दिवस गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. महिन्यानं शौचाची तपासणी केली, जंतू नाही.

पिंपानं सुटत नाही असंही एक होतं. सासूबाई नातवाला घास आधी स्वतः चावून भरवत. डॉक्टरांनी तेही बंद करायला सांगितलं. मला बोलायला जड गेलं. आता वाटीत वरण-पोळी बोटांनी कुस्करतात, पण आधी तोटीखाली साबणानं हात धुतात. माहेरीही असंच पिंप पाठवणार आहे, तोटी बदलून.