डीए पॉलिशर आणि जाडीचा मीटर: काळ्या गाडीवरच्या खोल चऱ्यांचा काही महिन्यांचा अनुभव

काळी गाडी घेऊन ज्यानं कोल्हापुरात एक ऊस हंगाम काढलाय, त्याला चऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. गगनबावडा रस्त्यावर उसाची ट्रॉली शेजारून गेली की बाहेर आलेली कांडी दाराला घासते. त्यात शेतातली माती रस्त्यावर, आणि ती कोरड्या फडक्यानं पुसायची आपली सवय. माझी गाडी सेकंड हँड, त्यामुळे आधीच्या मालकाचे चरेही वाट्याला आलेले. पावसाळा संपल्यावर मी पाच इंची पॅडचं डीए पॉलिशर (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता हेलकावेही घेतं असं मशीन), चरे घासून काढायचं कटिंग कंपाउंड, शेवटी चमक आणायचं फिनिशिंग पॉलिश आणि पेंटची जाडी मोजायचा छोटा मीटर घेतला. हंगाम उलटला, जोतिबाची यात्राही झाली. आता सांगण्याइतका वापर झालाय.

पहिल्यांदा पॉलिश करणाऱ्याला एक गोष्ट हमखास दचकवते. बॉनेटवरच्या बारीक गोल रेघा गेल्या, रंग खोल काळा दिसू लागला, आणि मधेच पाच-सहा लांब चरे लख्ख दिसायला लागले. मशीननं पाडले की काय असं वाटतं. ते आधीपासूनच तिथं असतात. हजारो बारीक रेघा उजेड चहूकडे पसरवतात आणि त्या धुरकटपणात खोल चरा लपतो. धुरकटपणा गेला की तो एकटा उठून दिसतो.

मग मोह होतो की तेवढाच भाग अजून घासू. इथं थोडं गणित बघा. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण 90 ते 140 मायक्रॉन. 1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. त्या जाडीत पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट, सगळं आलं. क्लिअर कोटच्या वाट्याला 40-50 मायक्रॉन येतात. आपण पॉलिश करतो ते एवढंच. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवायचं कामही हाच थर करतो. तो फार पातळ झाला तर गाडी आज चकाकेल, पण काही वर्षांनी छपरावर पांढरे पापुद्रे सुटतील.

चरा किती खोल आहे ते ओळखायला महागडं काही लागत नाही. त्यावर पाणी लावा. ओला असेपर्यंत नाहीसा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे, बऱ्याचदा निघतो किंवा खूप कमी होतो. ओला करूनही करडा किंवा पांढरा दिसत राहिला तर रंग ओलांडून तो प्रायमरपर्यंत गेलाय. तिथं पॉलिशचा काही उपयोग नाही, टच-अप रंगच भरावा लागतो. मधल्या चऱ्यांसाठी नख. उद्यमनगरातल्या एका जुन्या पेंटरमामांनी माझं बोट धरून दारावरनं फिरवलं आणि म्हणाले, "नखाला लागतंय न्हवं? मग सोड त्याला. कडा मऊ कर, बास."

ते "कडा मऊ कर" मला फार मोलाचं वाटतं. चरा डोळ्यात भरतो तो त्याच्या धारदार कडांवरून उजेड परावर्तित होतो म्हणून. पॉलिशनं त्या कडा गोलसर झाल्या की खाच तशीच राहते, पण दोन पावलांवरून दिसत नाही. माझ्या ड्रायव्हरच्या दारावरचा उसाचा चरा असाच ठेवलाय. त्याच्या तळापर्यंत जायचं तर आजूबाजूचा सगळा क्लिअर कोट तेवढाच खाली आणावा लागेल. वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा बारीक पॉलिश पेपर) मारून काही जण ते करतात. रोजच्या गाडीवर मी करणार नाही.

आता मीटरबद्दल. एकाच जागी दोनदा लावला तरी आकडा एक-दोन मायक्रॉननं हलतो, आणि कंपाउंडचा एक फेराही साधारण तेवढंच उतरवतो. म्हणजे "आज किती घासलं" हे या मीटरवर खात्रीनं कळत नाही. शिवाय तो एकूण जाडी सांगतो, क्लिअर कोटची वेगळी नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर आकडाच येत नाही. त्याचा खरा उपयोग पॅनेलची तुलना करायला. माझ्या छपरावर आणि दारांवर 105-115 येतात, मागच्या डाव्या दारावर 260. ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. जाडी जास्त म्हणून तिथं बिनधास्त घासावं असंही नाही, वाढलेली जाडी खालच्या प्रायमरची किंवा खड्डे भरायच्या लांबीचीही (पुट्टीची) असू शकते.

डीए मशीनवर मी समाधानी आहे. हात थरथरतो, वेळ लागतो, पण लोकरीच्या पॅडच्या रोटरीवर (पॅड नुसतं गोल फिरवणारं मशीन) असते तशी कडेवर रंग जाळायची भीती इथं बरीच कमी. तरी बॉनेटच्या उंच रेषांवर आणि दाराच्या कडांवर मी टेप लावतोच, तिथं रंग पातळ असतो.

आणि एक सवय लावून घ्या. काम झालं की पॅनेल पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि मगच टॉर्च मारा. कंपाउंडमधलं तेल चऱ्यात बसून तो गेल्यासारखा दाखवतं. दोन-चार धुण्यांत तो परत येतो. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पारदर्शक संरक्षक थर) करायचं असेल तर हे पुसणं टाळूच नका, कारण कोटिंग चरे भरत नाही, खाली जे आहे ते आणखी चमकवून दाखवतं.

घरी एकच गाडी असेल तर पॉलिशर घ्या, मीटर मित्राकडून आणा. सेकंड हँड गाडी बघायला जाताना मात्र तो खिशात हवाच. मागच्या महिन्यात मेव्हण्यासाठी एक गाडी बघितली. तिच्या एका मडगार्डवर 600 च्या वर आकडा आला, आणि बोलणी तिथूनच पुन्हा सुरू झाली.