नांगीच्या तुकड्यावरून जीवाश्म खेकडा ओळखताना : तळवा की सुटे बोट?

विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या दगडात किंवा नाल्याच्या खचलेल्या काठात नांगीसारखा तुकडा आढळला, तर नाव शोधण्याआधी तो नांगीच्या कोणत्या भागाचा आहे हे ठरवावे. खेकड्याच्या पाठीचे कवच लवकर मोडते. नांगी जाड व चुन्याच्या क्षारांनी टणक झालेली असल्याने बहुधा तीच मागे उरते.

ज्या तुकड्यात तळवा (नांगीचा रुंद, फुगीर भाग) आणि त्याला सलग जोडलेले, न हलणारे स्थिर बोट शाबूत आहे, त्याला मी निःसंशय अधिक मोल देतो. बाहेरची फुगीर बाजू आपल्याकडे व स्थिर बोट खाली ठेवले असता टोक उजवीकडे वळत असेल, तर ती उजवी नांगी होय. हे कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण अनेक खेकड्यांची एक नांगी बोथट दाढांची, शिंपल्या फोडणारी, तर दुसरी सडपातळ व कापणारी असते. डावे-उजवे न पाहता नावे दिल्यास एकाच प्राण्याच्या दोन जाती होऊन बसतात. तळव्याची उंची, लांबीशी तिचे प्रमाण आणि पृष्ठभागावरील दाणे किंवा खाचा यांवरून कुळापर्यंत, क्वचित प्रजातीपर्यंत पोहोचता येते. तळवा चौकोनी व चपटा असेल, तर तो खेकड्याचा नसून बिळात राहणाऱ्या कोळंबीसदृश प्राण्याचा असू शकतो.

तळव्यापासून निखळलेले हलते बोट (चिमट्याचा उघडझाप करणारा भाग) मात्र फसवे असते. खाण्याची सवय सारखी असली की दूरच्या कुळांतही दातांची ठेवण सारखी होते, म्हणून अशा बोटावर जातीचे नाव लावू नये. ते माशाचा किंवा मगरीचा दात समजले जाण्याचीही भीती असते. दाताला चकचकीत आवरण असते, तर बोटावर केसांच्या मुळांची बारीक छिद्रे, पुष्कळदा ओळीने, दिसतात.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. धानाच्या बांधात बिळे करणारे आजचे खेकडे मेल्यावर त्यांच्या पांढुरक्या नांग्या शेतात पडून राहतात. त्या हलक्या व आतून पोकळ असतात. जीवाश्म मात्र बहुधा जड असतो व मोडल्यावर आत दगड दिसतो. पावसाळ्यात घरी शिजलेल्या खेकड्याच्या दोन्ही नांग्या स्वच्छ करून ठेवल्यास तुलनेसाठी त्यांच्याइतके चांगले साधन नाही. विशेषतः लाव्हाच्या दोन थरांमधल्या, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांच्या गाळातले तुकडे ओळखताना समुद्री खेकड्यांच्या चित्रांपेक्षा या नांग्यांचा उपयोग अधिक होतो. नागपूरजवळच्या टाकळी येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी अशाच थरांतून जीवाश्म जमवले होते.

तुकडा दगडातून ओढून काढू नये. दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत, गाव व थर लिहावा, आणि तळवा नसेल तर चिठ्ठीवर केवळ ‘खेकडा, सुटे बोट, कुळ अनिश्चित’ असे नोंदवावे.